अतामीहून आल्यावर, तुझ्या लॉजविषयी

निशिकासाई, तोकियो
१२ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "मुरुडचं लॉज पाडू की डागडुजी करून चालवू?" एवढंच तू विचारलंस, पण घाईनं उत्तर लिहायला मन होईना. अण्णांनी बांधलेली वास्तू आहे ती. आपली अर्धी मे महिन्याची सुट्टी तिच्या ओसरीवर गेली आहे. मधल्या काळात बाबांना घेऊन अतामीला एक रात्र राहून आलो. तिथल्या जुन्या हॉटेलात मला पावलोपावली तुझं लॉज दिसत होतं, म्हणून आधी ते सांगतो.

अतामी म्हणजे शब्दशः 'गरम समुद्र'. जुनी कथा अशी, की समुद्रातच उकळतं पाणी उसळायचं आणि मासे मरायचे. कोळी हवालदिल झाले, तेव्हा एका साधूनं प्रार्थना करून तो झरा किनाऱ्यावर आणला. बाबा लगेच म्हणाले, "आपल्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याला अशी गोष्ट नसेल असं होणारच नाही." तोकियोहून कोदामा गाडीनं पाऊण तासाचा रस्ता. डोंगर सरळ समुद्रात उतरतो आणि त्या उतारावर हॉटेलं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी उभी आहेत. स्टेशनाच्या पलीकडच्या डोंगरातून तान्ना बोगदा गेलेला आहे. १९१८ ला काम सुरू झालं, १९३४ ला गाडी धावली आणि त्यात ६७ माणसं गेली. बाबांचं अख्खं आयुष्य पीडब्ल्यूडीत गेलं. आकडा ऐकल्यावर ते फलाटावरच थांबले. आपला कोकण रेल्वेचा कर्बुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर, हा पावणेआठ. "माती सुटते तेव्हा काय होतं ते बघितलंय मी," एवढंच बोलले आणि डोंगराकडे बघून हात जोडले.

बोगद्यानं हे गाव मोठं केलं, १९६४ च्या शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, आणखी मोठं. नवी जोडपी मधुचंद्राला इथे यायची. मग कंपन्यांच्या सहली सुरू झाल्या. अख्खं ऑफिस बसनं यायचं, संध्याकाळी दोनशे माणसांची पंगत, गाणी, सकाळी परत. नव्वदीच्या सुरुवातीला पैशाचा फुगा फुटला तशा त्या सहली बंद पडत गेल्या आणि एकामागून एक हॉटेलांना कुलपं लागली. आता गाव पुन्हा थोडं सावरलंय, तरुण पोरं दिसतात, पण गावात राहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक ६५ च्या वरचे आहेत.

आमचं हॉटेल त्या जुन्या काळातलं. उतारामुळे रस्त्यावरचं दार सातव्या मजल्यावर उघडतं आणि खोलीत जायला खाली उतरावं लागतं. वेगवेगळ्या वर्षी बांधलेल्या तीन इमारती गल्ल्यांनी जोडल्या आहेत. चालता चालता गालिच्याचा रंग बदलतो. बाबा तिथे वाकून भिंतीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "इथे एक इमारत संपली." तिसऱ्या इमारतीत दिवे नव्हते, तोंडाशी एक पडदा ओढलेला होता.

खोलीत ततामीला, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांना, ओल लागल्याचा वास आणि त्याखाली जुन्या सिगारेटचा. खिडकीची चौकट खाऱ्या वाऱ्यानं फुगलेली, ती पूर्ण सरकेना. रात्री नळ कण्हायचे. मला एकाच गोष्टीचा खरा राग आला. गच्चीवरचं उघडं कुंड बंद आहे, हे काउंटरवर पैसे भरल्यावर कळलं. त्या कुंडातून बाबांना समुद्र दाखवायचा म्हणून मी हे हॉटेल निवडलं होतं. त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली, पण ती माफी चार दिवस आधी एका फोननं मागता आली असती. जुनेपणाचा मला त्रास झाला नाही, लपवाछपवीचा झाला. तुझ्याकडे नऊ नंबरची खोली गळते ना? येणाऱ्याला आधीच सांग.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. लॉबीत समुद्राकडे तोंड करून भिंतभर काच आहे आणि त्या काचेवर, आतल्या बाजूनं, जाडजूड लोखंडी तुळया तिरप्या मारल्या आहेत, कैचीसारख्या. बेट, होड्या, सूर्योदय, सगळा देखावा त्यांनी कापला गेलाय. शेजारच्या सोफ्यावरची बाई नवऱ्याला म्हणत होती की फोटोत हे फार वाईट दिसतं. बाबा मात्र त्या तुळईपाशी जाऊन उभे राहिले आणि खालपासून वरपर्यंत तिचे बोल्ट बघत राहिले. जपानमध्ये १९८१ च्या जूनमध्ये भूकंपासाठी बांधकामाचे नवे नियम आले. त्याआधीच्या इमारती त्यात बसतीलच असं नाही. २०१३ ला कायदा बदलून अशा मोठ्या हॉटेलांना तपासणी करून घेणं आणि तिचा निकाल जाहीर होऊ देणं बंधनकारक झालं. मजबुतीचा खर्च परवडेना म्हणून कित्येकांनी धंदाच बंद केला. इथल्या मालकानं पैसे काढले. गालिचा बदलला नाही, तिसरी इमारत बंद ठेवली, आणि लॉबीतला सगळ्यात सुंदर देखावा अडवून लोखंड बसवलं. बाबा म्हणाले, "ह्या माणसाला पाहुण्यांची काळजी आहे." संध्याकाळपर्यंत त्यांनी हे तीनदा तरी म्हटलं.

पाण्याबद्दल लिहिलं नाही तर तू रागावशील. उन्हवऱ्याच्या पाण्याला गंधकाचा वास येतो, तो इथे नाही. हे पाणी खारट आहे, जिभेला लागतं. अंगावर मिठाचा पातळ थर राहतो, त्यामुळे बाहेर आल्यावरही ऊब टिकते. पण तेच पाणी नळांत खपल्या धरतं, म्हणून नळ सारखे साफ करावे लागतात, बदलावे लागतात. जे पाणी पाहुणे आणतं, तेच इमारतही खातं.

बाबा इतर पुरुषांसमोर उघडे व्हायला तयार नव्हते. मी आग्रह केला नाही. पहाटे पाच वाजता त्यांनीच मला हलवून उठवलं. आतल्या कुंडावर एकच म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आधी स्टुलावर बसून अंग कसं धुवायचं ते खुणांनी दाखवलं, मग छोटा पंचा घडी करून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, कारण तो पाण्यात बुडू द्यायचा नसतो. बाबांनीही ठेवला. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी होती आणि नंतर बसवलेला स्टीलचा कठडा. कठडा कुंडाच्या तळापर्यंत गेलेला होता. बाबा त्याला धरून गुडघा जपत एकेक पायरी उतरले आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर "आई गं" म्हणाले. आई गेल्यापासून इतका सैल झालेला त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. ते गृहस्थ पूर्वी एका कंपनीत हिशेबनीस होते, दर शरद ऋतूत ऑफिसबरोबर इथेच यायचे. आता एकटे येतात. मी दुभाष्याचं काम करत होतो, पण थोड्या वेळानं दोघंही बोलायचे थांबले आणि नुसते बसून राहिले.

नाश्ता त्या जुन्या पंगतीच्या दालनात होता. रंगमंच तसाच आहे, पडद्यावर पाइनचं झाड आणि सारस, आणि समोर आम्ही वीस-पंचवीस माणसं. ताटात उभी चिरून वाळवलेली, भाजलेली 'आजी' नावाची मासळी. हर्णैच्या वाळवणाचाच वास. पण सोमवार होता. बाबांनी ताट हलकेच बाजूला सरकवलं. सूपही नको म्हणाले, त्यात मासळीचा अर्क असतो. वाढणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील. मी कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, मासळी नेली आणि परत येताना जास्तीचा भात, उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ आणि दोन सोललेली मिकान संत्री घेऊन आल्या. निघताना त्याच बाई दारापर्यंत आल्या आणि आमची टॅक्सी वळेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या.

जाताना किनोमिया देवळात गेलो. तिथे कापराचं झाड आहे, दोन हजार वर्षांहून जुनं मानतात. एक प्रदक्षिणा घातली की आयुष्य वर्षानं वाढतं म्हणे. बाबांनी एक घातली आणि म्हणाले, "पुरे, आता बंड्याचं बघू."

तर बाबांचा निरोप असा. अण्णांनी मागची दुमजली इमारत बांधली तेव्हा वाळू कुठून आणली ते आधी शोध. खाडीची असेल तर मीठ काँक्रीटच्या आतच आहे. सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते, वरून कितीही प्लास्टर मार. हातोडीनं स्लॅब ठोकून बघ. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथलं प्लास्टर काढून सळई उघडी कर. गॅलरीचा तुकडा गेल्या पावसाळ्यात पडला, तेव्हा खाली कुणी नव्हतं हे नशीब. ह्या मे महिन्याची बुकिंगं त्या इमारतीत घेऊ नकोस, पैसे परत कर. चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखव आणि तो पाड म्हणाला तर पाड. मीही तेच सांगतो, आणि हे लिहिताना मला सोपं जात नाहीये.

पण पुढचं जांभ्याचं घर आणि ओसरी ह्यांना हात लावू नकोस. त्या भिंतींत सळईच नाही, गंजायचं काय? कौलं शाकार, वासे तपास, न्हाणीघरात कठडा बसव आणि पायऱ्यांच्या कडा रंगव. चार खोल्यांचं लॉज चालव. काकू अजून पाहुण्यांना विचारून भाजी करतात ना? ते चालू राहू दे.

बाबांनी कागदावर खांब आणि तुळयांचं चित्र काढून कुठे ठोकायचं तिथे फुल्या मारल्या आहेत. ते सोबत पाठवतोय. ते एप्रिलमध्ये परत येतील, तेव्हा स्वतः येऊन बघणार आहेत. त्यांच्यासाठी खालची खोली ठेव, जिना नको.

काकूंना नमस्कार. वाळूचं कळलं की लगेच फोन कर.

तुझाच,
नाना