अळ्यांच्या पोत्यावरचं प्रोटीन

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ओल्या कचऱ्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवून त्यांचं कोंबडीखाद्य करायची चर्चा सध्या जोरात आहे. अळी गुणाची आहे, यात वाद नाही. पण पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन ४२ टक्के’ वाचून पोल्ट्रीवाल्याने तेवढ्या हिशेबाने सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) कमी केली, तर तो फसेल.

प्रोटीनचा हा आकडा काढायला प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. अळीच्या कातडीतल्या कायटिन या चिवट पदार्थामध्येही नायट्रोजन असतो. कोंबडीला त्याचा फारसा उपयोग नाही, पण आकडा मात्र फुगतो. अख्ख्या अळीसाठी संशोधकांनी सुचवलेला गुणक ४.७६ आहे. तो लावला की तेच पोतं ३२ टक्क्यांवर येतं. तेव्हा विक्रेत्याकडे लायसिन-मेथिओनिन या अमिनो आम्लांचा (प्रोटीनच्या घटकांचा) अहवाल मागावा.

कॅल्शियमचंही तसंच. सुक्या अळीत ते ५ टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. ब्रॉयलरला (मांसाच्या कोंबडीला) एकूण खाद्यात लागतं १ टक्क्याच्या आसपास. १० टक्के अळी घातली की त्यातलं निम्मं आलंच. तरी कॅल्शियमसाठीची चुनखडी पावडर जुन्याच मापाने पडते, जादा कॅल्शियम फॉस्फरस अडवतं आणि पक्षी पायांत अधू होतात. लेअरला (अंड्याच्या कोंबडीला) साडेतीन-चार टक्के लागतं, तिथे हीच गोष्ट पथ्यावर पडते.

सुक्या अळीत चरबी तीसेक टक्के असते. ओलावा १० टक्क्यांखाली आणला नाही, तर पावसाळ्यात पोत्याला बुरशी धरते. उघडं राहिलेलं पोतं खवट होतं ते वेगळंच.

वाढवणाऱ्यांसाठी: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये ५ दिवसांच्या १० हजार अळ्यांना १२ दिवसांत १५ किलो कचरा, तोही तीन हप्त्यांत, थर ५ सेंटिमीटरच्या आत. एकदम ओतला की तळाशी हवा पोचत नाही, आंबूस वास सुटतो, अळ्या कडेने चढून पळू लागतात. मुठीत दाबल्यावर पाण्याची धार लागली तर कोंडा मिसळावा, नाहीतर शेवटी चाळणीवर नुसता लगदा येतो.

युरोपीय संघाने कीटक-प्रथिनांना २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात परवानगी दिली. मात्र त्या अळ्यांना हॉटेलचं खरकटं किंवा शेण घालायला तिथे मनाई आहे. आपल्याकडच्या बऱ्याच योजना तर खरकट्यावरच उभ्या! शिवाय कचऱ्यातलं कॅडमियम हा विषारी धातू अळीच्या अंगात साठतो. निदान अळ्या कशावर वाढवल्या आणि त्यांत कॅडमियम किती, हे पोत्यावर छापणं सक्तीचं करावं.

आपला,
पशुखाद्य क्षेत्रातील एक वाचक