उद्यमनगरातील मिस्त्रीकाकांस, एका साइड स्टँडबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटारसायकल माझ्या उंचीला बसेल अशी करून देणारा माणूस कोल्हापुरात कुठे मिळेल, याचा शोध तुमच्या शेडमध्ये संपला. तुमचे आभार दुकानातल्या गडबडीत नीट मानता आले नाहीत, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

पाच फूट एक इंच उंचीच्या बाईने ८०० मिलिमीटर उंच सीटची गाडी घ्यावीच कशाला, असे मला आधीच्या दोन्ही गॅरेजांत ऐकवले गेले होते. तुम्ही मात्र माझे वजन किती, मागे सामान किती बांधते आणि गाडी कोणत्या बुटांवर चालवते, एवढेच विचारलेत.

पहिल्या गॅरेजात मोनोशॉकची, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकअॅब्सॉर्बरची, लिंक (जोडपट्टी) बदलून फक्त मागची बाजू खाली आणली होती. पाय टेकू लागले, पण हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर गेला, पुढच्या चाकावरचा भार घटला आणि आंबा घाटात प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला जाऊ लागली. तक्रार केली तेव्हा ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या गॅरेजात मागची बाजू पूर्ववत करून पुढे २१ इंचाऐवजी १९ इंची चाक घातले, शिवाय पुढचे चाक धरणारा फोर्कही क्लॅम्पमधून बराच वर सरकवला. आता दुखणे उलट्या बाजूला गेले. फोर्क उभट झाला, ट्रेल (हँडलचा आस जमिनीला मिळतो तिथून चाक टेकते तिथपर्यंतचे, गाडी सरळ ठेवणारे अंतर) घटला आणि महामार्गावर शेजारून ट्रक गेला की हँडल चळू लागले. दोघांनीही पैसे आगाऊ घेतले होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

चाक लहान केल्याने सीट फारशी उतरत नाही, हे मला तुमच्याकडे कळले. ९०/९० चा २१ इंची टायर आणि १००/९० चा १९ इंची टायर यांच्या त्रिज्येत साधारण १६ मिलिमीटरचाच फरक पडतो आणि सीट मागच्या चाकाकडे असल्यामुळे त्यातला निम्मासुद्धा तिच्या वाट्याला येत नाही, हे तुम्ही पुठ्ठ्यावर खडूने काढून दाखवलेत. २०२२ मध्ये आलेल्या स्क्रॅम ४११ चा, म्हणजे हिमालयनच्याच भावंड गाडीचा, दाखलाही तुम्हीच दिलात. कंपनीने तिला १९ इंची चाक दिले, फोर्कची हालचाल २०० वरून १९० मिलिमीटरवर आणली, तरी सीट ७९५ मिलिमीटरवरच राहिली. म्हणजे उरलेली उंची मागूनच कमी करायची, पण पुढे जेवढे उतरले त्या हिशेबात आणि लहान चाकामुळे घटलेला ट्रेल थोडा भरून निघावा म्हणून मागे किंचित जास्त. गाडीतल्या फेरबदलांबाबतच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विषयही तुम्ही पाना हातात घेण्यापूर्वी काढलात आणि आरटीओत व विमा कंपनीत विचारून आल्याशिवाय गाडीला हात लावला नाहीत. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

माझ्या मनात घर केले आहे ते मात्र साइड स्टँडने. गाडी उतरवली की मूळ मापाचा स्टँड तिला लांब पडतो. ती डावीकडे नीट कलत नाही, जवळजवळ उभीच राहते आणि उजवीकडे पडायला तिला थोडासा धक्काही पुरतो. पहिल्या कामानंतर पेट्रोल पंपावर ती अशीच आडवी झाली होती आणि ‘बाईंना गाडी लावता येत नाही’ हे वाक्य मी चारचौघांत ऐकून घेतले होते. तुम्ही गाडी स्टँडवर लावलीत, टाकीला दोन बोटांनी हलका रेटा दिलात, ती डुलली, आणि एक शब्द न बोलता स्टँड खोलून शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेलात. मी चहा पिऊन परतले तोवर स्टँड तोडून, कोन बदलून, खालची पट्टी जमिनीला सपाट टेकेल अशी जोडून झाली होती. मी हे काम सांगितले नव्हते. सांगावे लागते हेच मला ठाऊक नव्हते. पंपावरचा दोष माझा नव्हता, हे कोणाशीही वाद न घालता तुम्ही सिद्ध केलेत.

उद्यमनगरात मायक्रॉनच्या हिशेबात लेथ चालवणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडल्यावर गाडी कुठे, कशी उभी करेल, इथवर विचार करणारा माणूस मला तिथे भेटला, आणि अशी माणसे आपल्या चांगुलपणाचा गवगवा करत नाहीत, म्हणून तो आम्ही गिऱ्हाइकांनी करायला हवा.

परवा आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जाऊन आले. गाडी वळणात जिथे घातली तिथेच राहिली. खोल खड्ड्यात फोर्क मात्र एकदा तळाला लागला. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला तर सीट पुन्हा वर येईल, हे तुम्ही सांगितले होते, म्हणून त्याला हात लावलेला नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला तेवढे पाहावे. आणि स्टँडचे पैसे तुम्ही बिलात धरलेले नाहीत, ते त्याच वेळी लावावेत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हिमालयनवाली