व्हिक्टोरियाच्या काळाचा हिशेब आण्यांत शिकवा

मा. संपादक,

ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही इंग्रजी शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांना 'व्हिक्टोरियन काळातले जीवन' हा प्रकल्प दिला जातो. पुष्कळदा तो भाड्याच्या उंच टोप्या, झालरीचे झगे आणि फोटो एवढ्यावर आटोपतो. पालकांचे पैसे जातात, आणि त्या काळी आपल्या वयाचे मूल दिवसभर काय करत होते हे मुलांना कळत नाही. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती. त्या चौसष्ट वर्षांचा अभ्यास ठाण्यात बसून करायचा, तर तो ठाण्यापासूनच सुरू व्हावा.

मुलांची पहिली गफलत सालांची होते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी सुटली. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, ३४ किलोमीटरचा रस्ता. या प्रसंगाचे चित्र काढताना मुले मागे सीएसएमटीचा घुमट आणि गाडीवर विजेच्या तारा काढतात. त्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि मुंबईत विजेवरची गाडी धावली १९२५ मध्ये. यावर साधा उपाय आहे. वर्गाच्या भिंतीवर ३ मीटर २० सेंटिमीटर दोरी ताणावी, एका वर्षाला पाच सेंटिमीटर धरावे आणि चित्रातली प्रत्येक वस्तू तिच्या सालावर चिमट्याने अडकवायला लावावी. गाडी ऐंशी सेंटिमीटरवर येते. तारा लावायला गेले की दोरी संपलेली असते. 'जुने दगडी ते सगळे व्हिक्टोरियन' हा समजही इथेच सुटतो, कारण आज जिथे कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला होता.

पण खरी मजा हिशेबात आहे आणि तिलाच सहसा काट मिळते. एक रुपया म्हणजे सोळा आणे, एक आणा म्हणजे चार पैसे किंवा बारा पै. मुलांना गणित घालावे: समजा तांदूळ दीड आणा शेर, तर साडेतीन शेरांचे किती? कॅल्क्युलेटर ५.२५ दाखवतो आणि वर्गातली निम्मी मुले 'पाच आणे पंचवीस पैसे' लिहून मोकळी होतात. उत्तर सव्वापाच आणे, म्हणजे पाच आणे एक पैसा. दशांश चिन्हापुढचे आकडे म्हणजे पैसे, ही शंभर पैशांच्या रुपयाची सवय इथे अडते, आणि ती अडायलाच हवी. पंतोजींच्या शाळेतल्या मुलाला हे तोंडी येई, कारण संध्याकाळच्या परवच्यात पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून झालेले असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा; वरचे गणित तिनेही सुटते, दिडकीनेही. इंग्लंडमधले मूल त्याच वेळी बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड घोकत होते. दोन्ही रीती शेजारी शेजारी फळ्यावर मांडाव्यात. हे अपूर्णांक आम्हाला आजच्या कुठल्याही कार्यपत्रिकेपेक्षा सरस वाटतात.

लिहिण्याचेही तसेच. तिकडच्या वर्गात बर्मिंगहॅमची पोलादी निब, इकडे बोरू, म्हणजे पोकळ काडीची लेखणी. बोरू वीतभर घ्यावा, टोक तिरके छाटावे आणि टोकाला मधोमध सेंटिमीटरभर चीर द्यावी. छाटणे मोठ्यांनीच करावे. चीर द्यायची राहिली की शाई टोकापाशी थांबत नाही, पहिल्याच अक्षरावर तिचा डाग पडतो. शाईसाठी दोन चमचे बाभळीचा डिंक पाव कप पाण्यात रात्रभर भिजवावा. एक चमचा काजळी खलात घेऊन आधी या डिंकपाण्याचे दोन चमचे घालावेत, पंधरा मिनिटे घोटावे, मगच साधे पाणी थोडे थोडे सोडावे. काजळी थेट पाण्यात टाकली तर वर तरंगत राहते, मिसळतच नाही. डिंक जास्त पडला तर अक्षर चकाकते आणि कागदाची घडी घातली की तडकते. कमी पडला तर वाळलेले अक्षरही बोटाला लागते. चमचाभर काजळी एका दिव्यावर धरायला फार वेळ जातो, म्हणून ती शिक्षकांनी आधीच तयार ठेवावी.

मुलांच्या कष्टांचा भाग मात्र वेषभूषेत अजिबात नको. फाटके कपडे आणि गालाला फासलेली काजळी म्हणजे गिरणीतले मूल नव्हे. त्याऐवजी कायद्यातले आकडे ठेवावेत. हिंदुस्थानातल्या १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यास बंदी घातली. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास चालत. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे तास सातवर आले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. इंग्लंडमध्ये पाच ते दहा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली १८८० मध्ये. तिसरीतल्या आठ वर्षांच्या मुलाने स्वतःचे वय यात बसवून पाहावे: १८८१ च्या कायद्याने तो गिरणीत जाऊ शकतो, १८९१ च्या कायद्याने नाही. शाळेच्या घड्याळावर नऊ तास मोजून दाखवले की पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारतात.

प्रकल्प डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत डिंकाची शाई चिकट राहते आणि एकावर एक ठेवलेले कागद चिकटून बसतात. १६ एप्रिलचा मुहूर्त मोहात पाडतो, पण तेव्हा परीक्षा असतात.

– काही निवृत्त प्राथमिक शिक्षक, ठाणे