शोधणाऱ्याचं नाव

मॅडम, सा.न.वि.वि.

मंगळवारी तुमच्या सांगलीच्या घरून निघालो, ते सातारा स्टँड येईस्तोवर पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. त्याच एसटीत जन्मभर तिकिटं फाडली, पण असा जपून कधी बसलो नव्हतो.

नर्मदा परिक्रमेत मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, मनावर गावाच्या बाजूला एका ओढ्यात हा लिंबाएवढा दगड मिळाला. अंगावर पाच पाकळ्यांचं फूल. मी गोळा करतो ती आमच्या काळ्या कातळातली गारगोटी; असलं काही बघितलं नव्हतं. सोबतचे म्हणाले, मैयाचा प्रसाद, चांदीत मढवा. मी विचारत हिंडलो. एका साहेबांनी हातात न घेताच 'कुणीतरी कोरलंय' म्हणून निकाल दिला. दुसरीकडे 'ठेवून जा' म्हणाले. तीन आठवड्यांनी गेलो, तर पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलेला! मुकाट्यानं उचलून आणला.

तुम्ही मला आधी खुर्ची दिलीत, मग चष्मा पुसलात. जुन्या टूथब्रशनं माती काढून माझं बोट पाकळीवर टेकवलंत. टाचणीनं टोचावीत तशी भोकं लागली. 'यांतून नळीसारखे पाय बाहेर काढून हा श्वास घ्यायचा,' म्हणालात. समुद्राच्या तळाशी चिखलात पुरून राहणारा सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोल प्राणी, मरून दगड झालेला; बहुतेक हेमिॲस्टर नावाच्या गटातला. झिजलाय, नेमकी जात सांगता येणार नाही, हेही मोकळेपणानं सांगितलंत. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता म्हणे. आमच्या दारातून दिसतो तो अजिंक्यतारा ज्या लाव्हाचा, तो तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे माझ्या पिशवीतला दगड किल्ल्याच्या डोंगरापेक्षा म्हातारा!

पण खरं सांगू? मला गहिवरून आलं ते त्या चिठ्ठीनं. कुठे, कधी, ओढ्याच्या कुठल्या काठाला, सगळं विचारून बोटभर कागदावर काळ्या शाईनं लिहिलंत, आणि खाली 'शोधणारा' म्हणून माझं पूर्ण नाव. मी म्हटलं, मॅडम, मी साधा कंडक्टर. तुम्ही मान वरसुद्धा केली नाहीत. 'सापडला तुम्हालाच ना?' शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली हो, पण समोरच्याचं त्याच्या पदरात घालणारी थोडीच.

नातू भिंग घेऊन भोकं मोजत बसलाय. आकडा दर वेळी वेगळा येतो. एकदा त्याला घेऊन येतो, कंदी पेढेही आणतो. त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, आता पेढ्यांना नाही म्हणू नका.

आपला,
साताऱ्याचा कंडक्टर