बाबा, बून आणि मिंगो

लेक्सिंग्टन, केंटकी

प्रिय सुध्या,

नमस्कार-चमत्कार राहू दे. बाबा सुखरूप पोहोचले, थंडीला शिव्या घालून झाल्या, आणि आता त्यांना एका मालिकेचं खूळ लागलंय: ‘डॅनियल बून’, १९६४ ते १९७०, सहा सीझन. केंटकीच्या जंगलात वस्ती करायला आलेल्या गोऱ्यांची गोष्ट. हा बून खरोखरचा माणूस, आणि त्याने वसवलेलं बून्सबरो आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत.

बाबांचा जीव बूनपेक्षा मिंगोवर. आई चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतली, बाप इंग्रज उमराव, शिक्षण ऑक्सफर्डचं! बूनचा जिगरी दोस्त. ‘काय इंग्रजी बोलतो रे,’ असं बाबा रोज म्हणतात. मी खोडी काढली, की मिंगो झालेला नट एड एम्स, युक्रेनहून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, मूळचा गायक. आणि ‘लोन रेंजर’ या जुन्या मालिकेत टोंटो हा नायकाचा साथीदार झालेला जे सिल्वरहील्स खरोखरचा मोहॉक जमातीचा, तर त्याच्या तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी! बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘मग बरंच आहे, नाटकात राजाचं काम कोण राजा करतो?’ वकिलाचं डोकं, दुसरं काय. (या एम्सने १९६५ साली एका टॉक शोमध्ये लाकडी काऊबॉयवर कुऱ्हाड फेकली, ती नेमकी कुठे रुतली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. लोक मिनिटंच्या मिनिटं हसत होते.)

पुढे मिंगो मालिकेतून गेला आणि रोझी ग्रियर हा काळा अमेरिकन-फुटबॉलपटू आला, पळून आलेला गुलाम आणि टस्करोरा जमातीचा म्होरक्या म्हणून. खऱ्या बूनकडे मात्र स्वतःचेच गुलाम होते.

रविवारी बाबांना बून्सबरोचा नव्याने बांधलेला किल्ला दाखवायला नेलं. किल्ला कसला, लाकडी खोल्या आणि ओंडक्यांचं कुंपण. सिंहगड पाहिलेला माणूस, कुंपणावर टकटक करून म्हणाला, ‘याला किल्ला म्हणतात?’ तिथेच बाकावर बसून मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १७७८. मीठ काढायला गेलेल्या टोळीसकट बून शॉनी जमातीच्या लोकांच्या हाती लागला. त्यांचा सरदार ब्लॅकफिशने त्याला चक्क दत्तक घेतलं, नाव ठेवलं शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव. बून चार महिने मुलगा म्हणून राहिला. मग बून्सबरोवर चाल होणार हे कळलं आणि जूनमध्ये पळाला, चार दिवसांत एकशेसाठ मैल. सप्टेंबरात ब्लॅकफिश फौज घेऊन दारात हजर. दोघं तहाला समोरासमोर बसले, पण बोलणी फिसकटून हातघाईवर आली. पुढे आठ-दहा दिवस वेढा. वेढा उठला तर आपल्याच माणसांनी बूनवर फितुरीचा खटला भरला! निर्दोष सुटला, ते सोड.

मालिकेतल्या मिंगोला सहसा असा पेच पडत नाही रे. तो भला, बूनही भला, आणि जमीन कोणाची हा प्रश्न पुढच्या भागावर.

बाबांनी विचारलं, ‘मग तो बापाला परत भेटला का?’

मी सांगितलं, पुढच्याच वर्षी केंटकीवाल्यांनी शॉनींच्या गावावर हल्ला केला, ब्लॅकफिशच्या पायाला गोळी लागली आणि त्या जखमेनेच तो गेला. बून तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात, बायकोपोरांकडे.

परत येताना गाडीत बाबा एक शब्द बोलले नाहीत. रात्री मी मालिका लावली, तर म्हणाले, ‘आज नको.’

तुझा,
बंड्या


ता. क. बाबांचा चष्मा तुझ्याकडे राहिलाय का? इथे सगळीकडे शोधला.