आकाशाचा धडा शेवटी कशाला?

महोदय,

राज्याच्या शालेय अभ्यासक्रमाची फेररचना पहिलीपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांकडे सरकत आहे. नववी-दहावीची पाळी येईल तेव्हा मसुदा प्रसिद्ध होईल, हरकती मागवल्या जातील. पण एकदा मसुदा छापला गेला की त्यात एखाद-दुसऱ्या शब्दापलीकडे फारसे काही हलत नाही, असा अनुभव आहे. म्हणून आधीच लिहितो. मी जुन्नर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गेली बावीस वर्षे विज्ञान शिकवतो आणि माझे म्हणणे एकाच विषयापुरते आहे : पृथ्वी आणि अवकाश यांचे विज्ञान माध्यमिक शाळेत कोणत्या क्रमाने, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या तासाला शिकवावे.

विज्ञानाची जी पाठ्यपुस्तके आम्ही आजवर शिकवत आलो, ती काढून पाहावीत. सातवीत ‘तारकांच्या दुनियेत’ हा पाठ शेवटचा, आठवीत ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ शेवटचा, नववीत दुर्बिणींवरचा पाठ शेवटचा आणि दहावीच्या पहिल्या भागात ‘अवकाश मोहिमा’ हाही शेवटचाच. चारही वर्षे आकाश पंगतीच्या टोकाला बसलेले. शेवटच्या पाठाचे शाळेत काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको. दहावीचा तो पाठ पूर्वपरीक्षेच्या आधीच्या आठवड्यात प्रश्नोत्तरे लिहून देऊन उरकला जातो; खालच्या वर्गांत तो मार्चमध्ये येतो, तेव्हा स्नेहसंमेलन, सहल, सराव परीक्षा यांतून उरलेले दोन-तीन तास त्याच्या वाट्याला येतात. डिसेंबर-जानेवारीत अंधार पडताच पूर्वेला वर येणारे मृग नक्षत्र, त्याच्या मागोमाग येणारा व्याध, कृत्तिकांचा पुंजका हे सगळे डोळ्यांसमोर असताना आम्ही वर्गात भिंगांची सूत्रे सोडवत असतो.

पृथ्वीची अवस्था निराळी आहे. ती विज्ञानात नाहीच. भूगोलात आहे, आणि भूगोल सामाजिक शास्त्रांत इतिहासाच्या जोडीला चाळीस गुणांचा पेपर होऊन बसला आहे. नववीच्या भूगोलात भूकंप, ज्वालामुखी, नद्यांचे कार्य हे विषय चांगले आले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. दहावीचे भूगोलाचे पुस्तक मात्र संपूर्णपणे भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेला वाहिलेले होते. तुलना वाईट नव्हती, पण जो विद्यार्थी पुढे अकरावीला विज्ञान घेतो, त्याचा पायाखालच्या खडकाशी आलेला संबंध नववीतच संपतो. अकरावी-बारावीच्या विषययादीत भूशास्त्र आहे; ते शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय मात्र शोधावे लागते. शिवाय भूगोलाचे शिक्षक बहुधा कला शाखेचे आणि विज्ञानाचे माझ्यासारखे रसायनशास्त्राचे पदवीधर, त्यामुळे बेसाल्ट हा खडक दोघांच्या मधल्या फटीत पडतो. मी स्वतः नोकरीची पहिली सहा-सात वर्षे तो खडक ओळखण्यापलीकडे काही जाणत नव्हतो, हे कबूल करायला संकोच वाटत नाही.

माझी सूचना नव्या विषयाची नाही. नववी आणि दहावीत मिळून आठवड्याला दोन तास, भूगोल आणि विज्ञान यांतून एकेक काढून, ‘पृथ्वी व अवकाश’ या एकाच वहीखाली आणावेत आणि त्यांचा क्रम पुस्तकाच्या पानांऐवजी आपल्या पावसाळ्यावर बसवावा. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते आणि दिवाळीनंतर ते निवळते. म्हणजे पहिले सत्र पाण्याचे आणि मातीचे, दुसरे सत्र आकाशाचे, ही विभागणी निसर्गानेच करून ठेवली आहे.

जूनमध्ये पहिला धडा पर्जन्यमापकाचा असावा. रोज सकाळी साडेआठला नोंद, कारण हवामान खातेही पावसाची दिवसाची मोजणी त्याच वेळेला करते आणि मग मुलांचा आकडा खात्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. आमच्या तालुक्याला तर हा धडा आंदणच मिळाला आहे : पश्चिमेला नाणेघाटाच्या बाजूला जेवढा पाऊस पडतो, त्याचा लहानसा हिस्साच पूर्वेला आळे-बेल्हे भागात पडतो. दोन्हीकडच्या शाळांनी महिनाभराच्या नोंदी अदलाबदल केल्या, तर पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

ऑगस्टपर्यंत विहिरी भरू लागतात, तेव्हा खडक शिकवावा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार बनले, हे वाक्य पुस्तकात असते. पण विहीर खोदणाऱ्या माणसाला तेच थर नावानिशी माहीत असतात. वरचा मुरूम, त्याखालचा पोकळ्यापोकळ्यांचा मांजऱ्या, मध्येच लागणारा गेरूच्या रंगाचा तांबडा पट्टा आणि मग घण उडवून लावणारा काळा पाषाण. पाणी कोणत्या थरात साठते आणि कोणता थर कोरडा निघतो, याचे ज्ञान त्याने कित्येक विहिरींच्या मजुरीतून मिळवलेले असते. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा असेच विहिरी खोदणारे. त्यांना एक दिवस वर्गात बोलावले, त्यांनी सोबत पिशवीभर गारगोट्या आणल्या आणि लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत हे स्फटिक मागाहून कसे वाढतात, हा माझा पुढचा तास न बोलावता भरला. तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वाऱ्या-पावसाने झिजून मग भाजला गेलेला थर, हे मी सांगितल्यावर आजोबा म्हणाले, “म्हणजे मधी बराच दम खाल्ला म्हणा की डोंगरानं.” त्याहून नेमके मला सांगता आले नसते.

अशी स्थळे प्रत्येक तालुक्यात आहेत. फक्त त्यांची यादी शिक्षकाच्या हाती नसते. कुकडीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली गेली आहे. तिच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद झाले, आणि शाळेच्या दृष्टीने तो मतभेदच अधिक मोलाचा आहे. त्याच नदीने खाली निघोजला कातळात रांजणखळगे कोरले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर तर बेसाल्टमध्ये झालेले, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे आघात-विवर, म्हणजे अवकाशातून आलेला पाषाण आदळून झालेला खड्डा. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे सांगितले जाई, पुढे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ते पाच लाखांच्याही वर गेले. दोन पद्धती, दोन आकडे, आणि कोणता का ग्राह्य धरायचा हा प्रश्न नववीच्या मुलाला निश्चित पेलतो. चंद्रावरचे काळे डाग हेही बेसाल्टचेच पठार आहे, हे लोणारच्या निमित्ताने सांगितले की पृथ्वी आणि अवकाश ही दोन प्रकरणे राहत नाहीत. कोकणातल्या शाळांनी याऐवजी भरती-ओहोटी घ्यावी. उधाण कोणत्या तिथीला येते आणि भांगाचे पाणी, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी, कोणत्या, हे कोळ्यांच्या मुलांना शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असते. चंद्र-सूर्याचे ओढणे तेवढे आपण जोडून द्यायचे.

पहिल्या सत्रात एक तास दरडींसाठी राखून ठेवावा आणि तो जुलैच्या आधी घ्यावा. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गेले; नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. त्यानंतर २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी. जमिनीला नव्याने पडलेल्या भेगा, कललेली झाडे आणि खांब, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले किंवा आटलेले पाणी या खुणा डोंगरउताराच्या वाडीतल्या प्रत्येक मुलाला ओळखता आल्या पाहिजेत. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप हेही याच भागात यावेत. दोन्ही पहाटेचे, दोन्ही ज्या भूभागाला पूर्वी स्थिर समजत त्यातले, पण कारणे वेगळी. कोयनेत धरणाच्या जलाशयाचा संबंध पुढे आला आणि तो अभ्यास आजही चालू आहे; त्यासाठी कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. ही माहिती जपानच्या भूकंपांच्या आधी आमच्या मुलांपर्यंत पोहोचावी, एवढीच अपेक्षा.

दिवाळीनंतर आकाश. त्याची सुरुवात मी पंचांगाने करतो आणि त्यामुळे काही सहकाऱ्यांच्या भुवया उंचावतात. भविष्याशी मला कर्तव्य नाही. पण घरोघरी खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका हे खगोलाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. ७ किंवा ८ जूनला ‘मृग लागला’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो आणि म्हणूनच ते नक्षत्र त्या दिवसांत दिसत नाही; ते रात्रभर दिसते डिसेंबरात. हे कळायला मुलांना एक खुर्ची, एक दिवा आणि वर्गाच्या चार भिंती पुरतात. तसेच संक्रांतीचे. दिवस मोठा होऊ लागतो २२ डिसेंबरच्या सुमारास, मग तिळगूळ १४ जानेवारीला का, या प्रश्नातून पृथ्वीच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या डुलण्यापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने सरकण्यापर्यंत, जाता येते.

खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आमच्या तालुक्यात आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी एकत्र आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर दूरवर. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, तेथे शाळांसाठी प्रदर्शन असते आणि गर्दीही चांगली असते. परंतु पूर्वतयारीशिवाय नेलेली मुले ‘यातून तारे कुठे दिसतात?’ असे विचारून परत येतात. तबकडी भरीव पत्र्याची नसून तारेच्या जाळीची का, भोके असूनही लहरी निसटत कशा नाहीत, एवढा एकच प्रश्न घेऊन गेले तर तरंगलांबी ही कल्पना जन्मभर विसरत नाही. ‘अवकाश मोहिमा’ मात्र आटोपत्या घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. यानांची नावे आणि प्रक्षेपणाच्या तारखा पाठ करणे हे अवकाशविज्ञान नव्हे. चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजीच का उतरवले, त्या ठिकाणी सूर्य नुकताच का उगवलेला हवा होता, हे विचारले तर सौर ऊर्जा, चंद्राचा पंधरवड्याचा दिवस आणि भ्रमण ही तिन्ही एका उत्तरात येतात.

यावर आक्षेप येणार, तो गुणांचा. परीक्षेत नाही ते शिकवले जात नाही, हे खरे आहे. म्हणून अंतर्गत मूल्यमापनाचे जे वीस गुण सामाजिक शास्त्रांना आणि प्रात्यक्षिकाचे जे वीस गुण विज्ञानाला आहेत, त्यांतले पाच-पाच या निरीक्षणवहीला द्यावेत. वही तपासताना उत्तर बरोबर आहे का, यापेक्षा तारीख, वेळ आणि जागा लिहिली आहे का, ते पाहावे. साधनांचा खर्च म्हणाल तर बहिर्गोल भिंग, कंकर (मातीतले चुनखडीचे खडे) ओळखण्यापुरते सौम्य आम्ल, पर्जन्यमापक आणि एक सरळ काठी. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मात्र पर्याय नाही. ते जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात पडद्यावरची चित्रे दाखवून न घेता, त्या-त्या तालुक्यातील विहिरीवर आणि टेकडीवर घ्यावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे भूवैज्ञानिक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांचे दोन दिवस शिक्षण विभागाने मागून घ्यावेत.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते तो दिवस, कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही, हे मला मान्य आहे. जुन्नरला तो मेच्या मध्यानंतर लगेच येतो, तेव्हा शाळा बंद. पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो, तेव्हा सूर्यच दिसत नाही. म्हणून मी मुलांना सुट्टीत अंगणात काठी रोवून नोंद करायला सांगतो. गेल्या वर्षी पंचेचाळीसपैकी अकरा वह्या आल्या. त्यांतल्या चौघांनी बरोबर बारा वाजता पाहिले, सावली होती, म्हणून प्रयोग फसला असे लिहून टाकले. बाकीचे थांबले होते, आणि त्यांची सावली साडेबाराच्या सुमारास काठीच्या पायाशी गेली होती. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आणि आमचे गाव त्याच्या बरेच पश्चिमेला, हे भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी वाचलेले होतेच. जूनचा पहिला तास त्या अर्ध्या तासाच्या फरकावर गेला.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. जुन्नर, जि. पुणे