चाचा, खडू माझ्या हातात दिलात

चाचा, सलाम आणि नमस्कार.

नातवाला शेजारी बसवून हे वाचून घ्या. त्या शनिवारी सीटचं काम झाल्यावर तुमच्या शेडमधून गाडी काढताना माझ्या तोंडातून 'बरं चाचा, येते' एवढंच निघालं. पुढं कळंब ओलांडल्यावर मला रडू आलं. गाडी कडेला घेतली, क्लच पुन्हा तळापर्यंत दाबून पाहिला. दाबला गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा पाय न ताणता, कंबर पुढं न सरकवता दाबला गेला. ते तुम्हाला समोर सांगायला जमलं नाही, म्हणून आता चार लोकांच्या देखत लिहितेय.

वाचणाऱ्यांना मी कोण ते माहीत नाही, तेव्हा थोडं सांगते. आमची 2016 सालची बोलेरो पिकअप आहे. उन्हाळ्यात टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला, आणि बाकीच्या दिवसांत कोथिंबीर-मेथी रात्री भरून पुण्याला गुलटेकडीच्या मार्केटला. आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं, रात्री समोरच्या गाड्यांचे लाइट त्यांना सहन होईनात, तेव्हापासून रात्रीची गाडी मी चालवते. माझी उंची पाच फुटाला एक इंच कमी. कंपनीची सीट माझ्यासाठी केलेली नव्हती, पण पुढं ओढून घेतली की चालत होतं. वर्षं गेली तसा आतला फोम बसत गेला. ड्रायव्हरच्या बाजूला नेमका खड्डा, आणि खड्ड्याखालची लोखंडी पट्टी कमरेच्या हाडाला लागायची. राजगुरूनगर येईस्तोवर उजवी मांडी बधिर. जरा थांबून कंबर सरळ करावी म्हटलं तर आमच्या जुन्नर तालुक्यात रात्री एक वाजता उसाच्या कडेला गाडीतून उतरायची सोय नाही, बिबट्याचा भाग आहे. पुढं पेट्रोल पंप येईपर्यंत तसंच बसून राहायचं.

तुमच्याकडं येण्याआधी मी दोन ठिकाणी पैसे घातले. नावं लिहीत नाही, पण झालं ते मनातून जात नाही.

पहिलं दुकान पुण्यातलं, मोठं, काचेचं. भाचा बरोबर होता. काउंटरवरच्या माणसानं अल्बम काढला तो भाच्यासमोर उघडला. चौकटीची शिलाई, लाल दोरा, 'लेदर फिनिश', सगळं भाच्याला दाखवलं. मी दोनदा म्हटलं की आतला फोम बसलाय, वरच्या रंगाचं काही नाही. तो भाच्याकडंच बघून म्हणाला, 'कव्हर घट्ट बसलं की सगळं टाइट होतं.' सीट उघडलीसुद्धा नाही. जुन्या फोमवर, जुन्या रेक्झिनवर नवं कव्हर ओढलं आणि मागून पिना ठोकल्या. पावसाळा संपायच्या आत शिवणीवर कव्हर फाटलं. पोस्टाचं तिकीट फाटतं तसं, अगदी सरळ रेघेत. ते का फाटलं ते तुमच्याकडं आल्यावर कळलं. टाके इतके जवळजवळ घातले होते की सुईच्या भोकांनीच रेक्झिन कापलं गेलं होतं, आणि दोरा सुती, घाम आणि ओल लागून कुजलेला. त्या शिवणीतून पाणी आत मुरून फोमला जो वास लागला होता, तो वास मी सहा महिने अंगावर घेऊन घरी येत होते.

दुसरा जवळचाच. त्यानं निदान सीट उघडली. पण मी उंची सांगायला लागले तर म्हणाला, 'ताई, मालकांना पाठवा, त्यांना कळेल.' चालवते मी, बसते मी, पाय माझा बधिर होतो, आणि कळणार मालकांना! मालक गेलेच नाहीत, माझंही चुकलं, मी गाडी ठेवून आले. त्यानं फोमचे तुकडे कोंबून सीट अशी भरली की दिसायला गादी झाली. पुढची कड दोन बोटं वर आली. बसलं की ती कड मांडीखाली रुतायची आणि डावा पाय क्लचवर पुरता पोचायचा नाही. अर्ध्या क्लचवर गाडी चालवून प्लेट जळली, त्याचा खर्च निराळा.

आणि एक गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नव्हती चाचा, तुम्हालाही नाही. जुन्या खेड घाटात, चढावर. पुढची ट्रक थांबली म्हणून थांबले. पुन्हा उचलताना पाय क्लचवरून घसरला, गाडी बंद पडली आणि मागं सरकली. दोन हात सरकली असेल. आरशात बघितलं तर मागं मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मधे लहान पोर. त्यांनी पाय टेकून गाडी मागं ओढली, काही झालं नाही. त्यांनी मला शिवी दिली. माझ्या जागी कुणीही असता तरी दिली असती. त्यानंतर त्या घाटात माझे हात गार पडायचे. हल्ली बायपासनं जाते, पण चढ म्हटला की तो आरसाच डोळ्यांपुढं येतो.

असं सगळं मनात घेऊन मी तुमच्या शेडपाशी गाडी लावली. शनिवारी गुलटेकडी बंद असते म्हणून तेवढा एक दिवस गाडी मोकळी. मालक बरोबर होते. मी ठरवूनच आले होते की या वेळी बोलायचं नाही, मालकांनाच बोलू द्यायचं, उगाच अपमान नको. तुम्ही मशीनवरून उठलात, गाडीत डोकावलात, दोघांकडं बघितलंत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, 'चालवतं कोण?'

मालक म्हणाले, ही. तिथून पुढं तुम्ही सगळं मला विचारलंत. किती तास बसता, कुठं दुखतं, पाय आधी बधिर होतो की कंबर, उन्हाळ्यात गाडी उन्हात उभी असते का. मालकांना तुम्ही चहा दिलात आणि आरामात बसायला सांगितलंत. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट घरी आल्यावर तेच सगळ्यांना सांगत होते.

पण मला सांगायचंय ते खडूचं.

तुम्ही जुनं सगळं काढलंत. कोंबलेले तुकडे, पिना, गंजलेली पट्टी घासून तिला रंग मारलात. खाली 40 डेन्सिटीचा जास्त भरीव फोम, वर 32 चा जरा हलका, सोल्यूशन लावून चिकटवलात. मग कव्हर शिवायच्या आधी तो उघडाच फोम सांगाड्यासकट गाडीत बसवलात, बोल्ट आवळलेत, आणि मला म्हणालात, 'बसा ताई. चप्पल काढू नका. रोज जी घालून चालवता तीच आहे ना?'

रोजचीच होती. मी बसले. तुम्ही दाराबाहेर, हातभर लांब उभे. 'क्लच दाबा. पुरता. पुन्हा.' मी दहा वेळा दाबला असेल. तुम्ही वाकून माझ्या पायाकडं न बघता पेडलकडं बघत होता, ते माझ्या लक्षात आलं. मग तुम्ही लाकडी पट्टी आणि शिंप्याचा तो चपटा निळा खडू माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, 'गुडघ्याच्या मागं जिथं कड लागते तिथं तुम्हीच खूण करा. लागतं कुठं ते तुम्हाला माहीत, मला बाहेरून काय दिसणार.' आणि तोंड फिरवून नातवाला उगाच काहीतरी आणायला पाठवलंत.

उगाच म्हणते, कारण तो रिकाम्या हातानं परत आला आणि तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत.

मी खूण केली. कंबरेच्या मागंही केली, जिथं पोकळी राहते तिथं. माझी रेघ वाकडी आली होती. तुम्ही ती सरळ केली नाहीत. घासून धार लावलेलं हॅक्सॉचं पान घेऊन त्या वाकड्या रेघेवरूनच फोम कापलात, पुढून सव्वा इंच उतरता. पुन्हा बसवलंत, पुन्हा विचारलंत, 'पाय पोचला का पुरता?' तीन वेळा सीट आत-बाहेर केलीत चाचा. चार बोल्ट काढायचे, चार घालायचे, आणि तुमचं वय काय. तिसऱ्यांदा मी म्हटलं की राहू द्या, बरं झालंय. तुम्ही म्हणालात, 'बरं झालंय म्हणजे अजून थोडं राहिलंय,' आणि पुन्हा पाना उचललात.

मला इतक्या वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. बाजारात वजन करताना नाही, बँकेत नाही, गॅरेजमध्ये तर नाहीच. बाईमाणसाला काही सांगायचं असेल तर शेजारच्या पुरुषाकडं बघून सांगायचं ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की मीही तीच धरून तुमच्या दारात आले होते. आणि तुम्ही मला खडू दिलात.

त्या दोन सीटमधल्या पेटीचंही लिहिते, नाहीतर अर्धंच होईल. ती पेटी मालकांनी बाहेरून बसवून घेतलेली. मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या, पावत्या, चिल्लर, सगळं तिच्यात. वरचं झाकण आधीच्या माणसानं पिना ठोकून मढवलेलं, त्यातली एक पिन वर आलेली. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला हात मागं आला की कोपर तिच्यावर. माझ्या तीन पंजाबी ड्रेसच्या बाह्या तिथं फाटल्या आहेत, आणि कोपरावरची खपली कधी वाळलीच नाही. मी ती तुम्हाला दाखवलीही नव्हती. तुम्ही 'दुसरा टाका' म्हणालात, मी गिअर टाकला, बाही अडकली, आणि तुम्ही तिथल्या तिथं पक्कड आणून पिन उपटलीत. मग पेटीच खालून एक इंच कापून उतरवलीत. झाकणाला रेक्झिन लावताना कड आतून दुमडून चिकटवलीत. मी आत हात घालून फिरवला, कुठं काही टोचलं नाही. त्या आतल्या बाजूकडं कोण बघणार होतं? ते झाकण उघडून आतली शिवण बघणारं गिऱ्हाईक तुम्हाला आजवर भेटलं असेल असं मला वाटत नाही.

रेक्झिन तुम्ही साधं, भुरकट रंगाचं घेतलंत. काळं उन्हात तापतं आणि तापून तापून कडक होतं, मग तडकतं, असं म्हणालात. बसायच्या भागाला जाड कापड, नायलॉनचा दोरा, टाके लांब. दिसायला साधं आहे. मार्केटमध्ये एक पिकअपवाला म्हणाला, एवढे साडेसहा हजार दिलेत तर डिझाइन तरी घ्यायचं. मी त्याला म्हटलं, बसून बघ. तो बसला तर त्याला ती सीट बुटकी वाटली. वाटणारच. ती त्याच्यासाठी नाहीच.

चाचा, गुलटेकडीला एक हमाल आहेत, म्हातारे. कोथिंबिरीची जुडी उतरवताना ते मुळाकडून धरतात, पाल्याला हात लावत नाहीत. मजुरी तेवढीच, घाई सगळ्यांइतकीच. पाला मोडला तर नुकसान माझं, त्यांचं काही जात नाही. तरी मुळाकडून धरतात. तुमचं काम बघताना मला सारखे ते आठवत होते. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची रात्रीची गाडी चालते. रात्री बारानंतर रस्त्यावर माणसाचा भरवसा माणसावरच असतो, आणि दोन जणांनी फसवल्यावर तो भरवसा माझा उडाला होता. तो तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये परत आला हे मी मनापासून लिहितेय.

आज बरोबर दीड महिना झाला. पाऊस लागलाय, शिवणीतून थेंब आत गेलेला नाही. मांडी बधिर होत नाही. मागच्या आठवड्यात मुद्दाम जुन्या घाटानं गेले, रिकामी गाडी घेऊन, दिवसाउजेडी. चढावर थांबले, उचलली, एक बोटभरही मागं सरकली नाही. पुन्हा थांबले, पुन्हा उचलली. मागून एक जण हॉर्न मारत होता. त्याला हात करून पुढं जाऊ दिलं आणि तिसऱ्यांदा तेच केलं.

सासूबाई परवा दवाखान्यासाठी पुण्याला बरोबर होत्या. डावी सीट तुम्ही त्यांना न बघता, मी सांगितलं तेवढ्यावरून केलीत. येताना त्या मंचरपासून घरापर्यंत झोपल्या. जाग आल्यावर म्हणाल्या, त्या चाचांना काहीतरी दिलं पाहिजे. तेव्हा येत्या शनिवारी कोथिंबिरीच्या वड्या घेऊन येतेय. बरोबर ओतूरची एक जण येईल, तिच्या भावाचा छोटा टेम्पो ती चालवते, तिची पाठ दुखते. तिला मी खडूचं काही सांगितलेलं नाही. रोजची चप्पल घालून ये, एवढंच सांगितलंय.

डबा स्टीलचा आहे, परत करायची घाई नाही.

तुमची,
पिकअपवाली ताई
तालुका जुन्नर